सनद कोणाच्या नांवाची?

देऊळघाटापासून समुद्र कोणत्याही दिशेस पाहिला तरी लांबच. गांवाजवळची पैनगंगा पुढें वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीच्या ओटींत पडते. आणि येणेंप्रमाणें आमच्या कौलांवर पडलेला पाऊस शेवटीं पूर्वसमुद्रास पोंचतो. दख्खनच्या पठारावरील माल मात्र फार प्राचीन काळापासून पश्चिमेची वाट चालत आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नामक सागरवर्णनांत, पैठणचे अकीक आणि तेरचें कापड गाड्यांवर घालून भरुच बंदरीं नेत असत, असा उल्लेख आहे. ज्या गोणीचें तोंड घाटावर शिवलें जाई, ती बंदरांत उघडली जाई. तेव्हां घाटमाथ्यावरील वाचकांस बंदरांची कथा परकी वाटण्याचें कांहीं कारण नाहीं.

या अंकीं आम्ही जो प्रश्न घेत आहों तो असा. कोंकणच्या किनाऱ्यावर ठाणें, सोपारें, चौल यांसारखीं नामांकित बंदरें एके काळीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं. त्यांच्या व्यापाऱ्यांजवळ पैसा होता, जहाजें होतीं, परमुलखांत पत होती. मग या बंदरांचा स्वतःचा असा टिकाऊ संघ कां झाला नाहीं? जगाच्या दुसऱ्या टोंकास, त्याच शतकांच्या सुमारास, असा संघ झाला व कित्येक पिढ्या चालला; म्हणून हा प्रश्न केवळ कल्पनेचा खेळ नव्हे.

प्रथम तो परका संघ पाहूं. उत्तर यूरोपांतील बाल्टिक समुद्राच्या व उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर ल्यूबेक, हाम्बुर्ग, ब्रेमेन, रोस्टॉक, श्ट्रालझुंड, डान्त्सिग, रीगा अशीं बंदरें होतीं. त्यांच्या सख्यास इतिहासांत ‘हांसा’ म्हणतात. या जुन्या जर्मन शब्दाचा अर्थ जथा किंवा मंडळी असा आहे. या सख्याचें मूळ शोधूं गेल्यास तें एका स्वयंपाकघरांतल्या गरजेपाशीं सांपडतें. स्वीडनच्या दक्षिण टोंकाजवळ हेरिंग मासळीचे थवेच्या थवे येत. उपासाच्या दिवशीं मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती मुलखांत त्या मासळीस मोठें गिऱ्हाईक होतें. पण मासळी टिकवावयाची तर मीठ हवें, आणि मीठ निघे ल्यूनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांतून. तें ल्यूबेकास येई व तेथून जहाजांनीं मासळीकडे जाई. मीठ एकाकडे, जहाजें दुसऱ्याकडे, गिऱ्हाईक तिसऱ्याकडे. अर्थात् एकमेकांवांचून कोणाचेंच चालण्यासारखें नव्हतें.

इ. स. १३५६ मध्यें ल्यूबेक येथें या नगरांची पहिली मोठी सभा भरली. तिजमध्यें राजा नव्हता. नगरांनीं पाठविलेले प्रतिनिधि होते. संघास कायमची फौज नव्हती, कायमचा खजिनाही नव्हता. लंडन, ब्रूज, नॉर्वेंतील बर्गेन आणि रशियांतील नोव्हगोरोद या चार ठिकाणीं त्यांच्या सामाईक पेढ्या होत्या. तेथें राहणाऱ्यांस कडक शिस्त पाळावी लागे. बर्गेनच्या पेढींतील व्यापाऱ्यांस व उमेदवारांस तेथें असेतोंपर्यंत लग्न करण्याचीही मनाई होती. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्डेमार यानें त्यांच्या मार्गांत अडथळे आणले, तेव्हां नगरांनीं एकजुटीनें लढून इ. स. १३७० च्या श्ट्रालझुंड येथील तहांत आपले हक्क त्याजकडून मान्य करून घेतले. आणि जें नगर संघाची मर्यादा मोडी, त्यास वाळींत टाकीत. कोलोनसारख्या बलाढ्य शहरानें इंग्लंडशीं परस्पर सूत जमविलें, तेव्हां इ. स. १४७१ मध्यें त्यास बाहेर काढलें. पांच वर्षांनीं, इ. स. १४७६ मध्यें, तें पुन्हां पंक्तीस बसलें.

या साऱ्या व्यवस्थेंत एक गोष्ट वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. परदेशच्या राजांपासून मिळालेल्या सवलती अमक्या सावकाराच्या किंवा तमक्या घराण्याच्या नांवें नसत. त्या ‘हांसाच्या व्यापाऱ्यांस’ म्हणून मिळत. ल्यूबेकचा मनुष्य लंडनला बोलणी करून आला, तर त्याचा लाभ रीगाच्या मनुष्यासही होई.

आतां कोंकणाकडे वळूं. इसवी सनाच्या नवव्या शतकापासून इ. स. १२६५ पर्यंत उत्तर कोंकणांत शिलाहार राजांचें राज्य होतें. जुन्या लेखांत ठाण्यास श्रीस्थानक, सोपाऱ्यास शूर्पारक आणि चौलास चेमूल्य अशीं नांवें आहेत. या बंदरांत परदेशी माणसांची केवढी वस्ती होती, हें अरब प्रवासी अल् मसूदी यानें लिहून ठेविलें आहे. हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, तो चौलास आला होता. तेथें सीराफ, ओमान, बसरा, बगदाद वगैरे ठिकाणांहून आलेले सुमारें दहा हजार मुसलमान राहत असून, त्यांच्या आपसांतील बाबी पाहण्यास ‘हुनरमन’ या पदवीचा त्यांचाच एक मुख्य असे.

चौलच्या उत्तरेस संजाणचें बंदर. डहाणूजवळ चिंचणी येथें शके ८४८ (इ. स. ९२६) मधील एक ताम्रपट सांपडला. त्यावरून असें दिसतें कीं, राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण यानें संजाणचा कारभार मधुमति नांवाच्या अरबाकडे सोंपविला होता. मधुमति हें मुहम्मद या नांवाचेंच संस्कृत रूप. या अधिकाऱ्यानें दोन नद्यांवर फुकट तरी चालविल्या आणि एक अन्नछत्र घातलें. तेथें येणाऱ्याजाणाऱ्यास भात, कालवण व तूप विनामूल्य वाढीत. एका ब्राह्मणानें स्थापिलेल्या देवीच्या मठासही त्यानें दान देवविलें. बंदरांत माणसें टिकवावयाचीं तर प्रथम त्यांच्या पानाची व नदीच्या उताराची सोय पाहावी लागते, हें त्या कारभाऱ्यास पक्कें ठाऊक होतें.

शिलाहारांच्या कित्येक ताम्रपटांत ‘हंयमन’ असा एक शब्द येतो. त्याच्या अर्थाविषयीं विद्वानांत मतभेद आहे. नागपूर व अमरावती येथें ज्यांनीं अध्यापन केलें, ते विदर्भाचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं शिलाहारांचे लेख इ. स. १९७७ मध्यें एका बृहद्ग्रंथांत संपादिले. ते हा शब्द नगरवाचक, म्हणजे संजाणचाच, मानीत. दुसरे विद्वान त्याचा संबंध फारसी ‘अंजुमन’ या शब्दाशीं व दक्षिणेंतील ‘अंजुवण्णम्’ या परदेशी व्यापाऱ्यांच्या मंडळीशीं जोडतात. ही मंडळी केरळांत कोल्लम येथील इ. स. ८४९ च्या ताम्रपटांत आढळते. त्या पटावर साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू अशा तीन लिप्यांत आहेत. किनाऱ्यावर निरनिराळ्या धर्मांचे व्यापारी एका कागदाखालीं सही करूं शकत होते, एवढें यावरून निश्चित ठरतें.

देशी व्यापाऱ्यांचा संघ तर याहूनही मोठा होता, आणि घाटावरच्या वाचकांस त्याचें कौतुक वाटेल, कारण त्याचें मूळ गांव समुद्रकांठचें नव्हे. कर्नाटकांत मलप्रभा नदीच्या कांठीं ऐहोळे म्हणून गांव आहे. तेथील ‘अय्यावोळेचे पांचशें स्वामी’ या नांवानें हा संघ प्रसिद्ध होता. त्यास ‘वीर बणंजु’ असेंही म्हणत. शके १०५८ (इ. स. ११३६) च्या कोल्हापूर येथील शिलालेखांत या वीर बणंजूंनीं एका जैन मंदिरासाठीं आपल्या मालावर स्वखुशीनें पट्टी बसविल्याचें नमूद आहे. त्यांच्याच तमिळ शाखेचा इ. स. १०८८ चा शिलालेख सुमात्रा बेटांत बारुस येथें सांपडला. मलप्रभेच्या कांठापासून सुमात्रेच्या किनाऱ्यापर्यंत एका नांवाची पत चालत होती! हांसाची पहिली मोठी सभा भरण्यास त्या वेळीं अडीचशें वर्षांहून अधिक अवकाश होता.

म्हणजे माणसांचा संघ आमचेकडे होता. तो जुना होता, दूरवर पसरलेला होता, आणि त्यास स्वतःचे नियम होते. उणीव कोठें होती, तें पाहण्यास खारेपाटणचे दोन ताम्रपट उपयोगी पडतात. खारेपाटण हें आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गांव. पहिला ताम्रपट शके ९३० (इ. स. १००८) चा, दक्षिण कोंकणच्या शिलाहारांतील रट्टराजाचा. त्यांत एका शिवमंदिरासाठीं दानें दिलीं असून, परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें एक सुवर्ण गद्याण देवस्थानास द्यावा असें म्हटलें आहे. मात्र चेमूल्य आणि गोव्यांतील चंद्रपूर यांस त्यांतून वगळलें आहे. कोणत्या बंदराच्या जहाजानें द्यावें व कोणत्या बंदराच्या जहाजानें देऊं नये, हें राजानें ठरविलें. बंदरांनीं एकत्र बसून नव्हे.

दुसरा ताम्रपट उत्तर कोंकणच्या अनंतदेव राजाचा, शके १०१६ (इ. स. १०९४-९५) चा. बलिपत्तन येथील दुर्ग श्रेष्ठीचे दोन पुत्र, भाभण श्रेष्ठी व धामण श्रेष्ठी, हे या राजाचे मोठे अधिकारी होते. एक अमात्य, दुसरा सांधिविग्रहिक. श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमूल्य इत्यादि बंदरांत या बंधूंच्या मालास जकात माफ केल्याची ही सनद आहे. (हें नागपूर कोंकणांतील बंदर होय, आमच्या विदर्भाचें नव्हे.) एकाच राजाज्ञेंत इतकीं बंदरें ओळीनें आलेलीं पाहून हांसाची आठवण होते. परंतु पुढें वाचूं लागतांच भेद दिसतो. माफी बंदरांस नाहीं. बंदरांतील सर्व व्यापाऱ्यांसही नाहीं. ती एका घरच्या दोघां भावांस आहे, आणि ते भाऊ दरबारांत मोठ्या हुद्द्यावर आहेत.

याच्या शेजारीं इंग्लंडांतील एक सनद ठेवून पाहावी. तेथील दक्षिणपूर्व किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज, रॉम्नी, हाइथ, डोव्हर आणि सँडविच या पांच बंदरांनीं राजास वर्षांतून पंधरा दिवस ५७ जहाजें माणसांसह स्वखर्चानें पुरवावीं, आणि त्याबद्दल राजानें त्यांस जकातमाफी व आपापलीं न्यायालयें चालविण्याचा हक्क द्यावा, असा करार होता; इ. स. १२७८ मध्यें पहिल्या एडवर्डानें तो सनदेनें पक्का केला. तेथेंही देणारा राजाच, आणि माफीही जकातीचीच. मात्र घेणारें नगर होतें. नगराचा प्रमुख मेला तरी नगर मरत नाहीं. म्हणून राजे बदलत गेले तरी तो हक्क नव्यानें मागण्यास मागें कोणीतरी उरत असे.

कोंकणांत मागणारा कोण उरला? इ. स. १२६५ मध्यें देवगिरीचा यादव राजा महादेव यानें कोंकणावर स्वारी केली. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रांत बुडून मेला. महादेवाचा मंत्री हेमाद्रि यानें आपल्या ग्रंथांत या प्रसंगाचा उल्लेख केला आहे. बोरिवलीजवळ एक्सर येथें जे वीरगळ आहेत, त्यांवरील वल्ह्यांच्या जहाजांची लढाई हीच, असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. ज्या यादवांच्या राज्यांत आमचा हा मुलूख होता, ज्यांच्या काळचीं हेमाडपंती देवळें लोणार व मेहकर येथें आजही उभीं आहेत, तेच चौलचे व ठाण्याचेही धनी झाले. म्हणजे घाट व बंदर एका छत्राखालीं आलीं. पण जुन्या राजाच्या मर्जीवर उभी असलेली माफी नव्या राजापुढें ठेवून, ‘ही आमच्या सर्वांची आहे’ असें म्हणूं शकणारी बंदरांची सभा त्या किनाऱ्यावर नव्हती.

पुढें याची किंमत फार मोठी पडली. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज आले व समुद्रावरून जाण्यासाठीं परवाने विकूं लागले. हा परवाना प्रत्येक जहाजास निराळा घ्यावा लागे. पोर्तुगीज अजिंक्य होते असें नव्हे. इ. स. १५०८ मध्यें चौलच्या खाडींत गुजरात व मिसर यांच्या आरमारांनीं त्यांचा पराभव केला, आणि त्यांत खुद्द व्हाइसरॉयाचा पुत्र पडला. परंतु पुढल्याच वर्षीं दीवजवळ ती जूट मोडली. इ. स. १५१० मध्यें गोवें गेलें, इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादुरशहानें वसई लिहून दिली. इ. स. १५७० मध्यें निजामशहा चौलवर, आदिलशहा गोव्यावर आणि कालिकतचा सामूरी चालियमच्या किल्ल्यावर असे तिघे एकाच मसलतीनें उठले. सामूरीनें चालियम घेतलें; चौल व गोवें मात्र पोर्तुगीजांकडेच राहिलीं. चारच वर्षांनीं, इ. स. १५७४ मध्यें, वऱ्हाड निजामशाहींत गेलें, आणि आमचा मुलूख पुन्हां चौलच्या धन्याच्या हाताखालीं आला. पण तोंवर चौलच्या तोंडाशीं दुसऱ्याचाच किल्ला उभा होता. या साऱ्या मसलती राजांच्या होत्या. ज्यांचा माल बुडत होता त्या बंदरांस मसलतींत जागा नव्हती.

हांसाची स्तुति करितांना त्याचा शेवटही सांगितला पाहिजे. इ. स. १४९४ मध्यें रशियाच्या तिसऱ्या इव्हाननें नोव्हगोरोदची पेढी बंद केली, इ. स. १५९८ मध्यें इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीनें लंडनची बंद केली. पण खरा रोग आंतला होता. डच जहाजांस बाल्टिक समुद्रांत येऊं देऊं नये असें ल्यूबेक म्हणे. डान्त्सिगास आपलें धान्य नेण्यास तींच डच जहाजें हवीं होतीं. प्रत्येकजण आपापली वही निराळी उघडून बसला. इ. स. १६६९ मध्यें शेवटची सभा भरली, तिला अवघ्या नऊ नगरांचे प्रतिनिधि होते. तथापि पहिल्या सभेपासून या सभेपर्यंत तीनशें तेरा वर्षें झालीं होतीं, आणि हाम्बुर्ग व ब्रेमेन हीं शहरें आजही आपल्या अधिकृत नांवांत ‘हांसा नगर’ हें बिरुद अभिमानानें मिरवितात.

येथें कोणी म्हणेल कीं, समूहाच्या नांवें मिळवावें ही कल्पनाच आमचेकडे नसावी. तसें मुळींच नाहीं. याज्ञवल्क्यस्मृतींत समूहाचा करार मोडणाऱ्याविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांत असा नियम सांगितला आहे कीं, समूहाच्या कार्यासाठीं पाठविलेल्या मनुष्यास जें कांहीं मिळेल तें त्यानें समूहास अर्पण करावें. आपण होऊन न देईल तर त्याजकडून अकरा पट घ्यावें. या स्मृतीवर विज्ञानेश्वरानें ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली, ती कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १०७६ ते ११२६ या अवधींत. खारेपाटणचा दुसरा ताम्रपट याच काळांतला! भाभण व धामण हे बंदरांनीं निवडून पाठविलेले नव्हते. तेव्हां त्यांस दोष देतां येत नाहीं. दोष असेल तर तो इतकाच कीं, पाठविणारें कोणी उभें राहिलें नाहीं. नियम पोथींत तयार होता, आणि त्याचा आधार घेऊन हिशेब विचारणारी बंदरांची सभा नव्हती.

आतां मिताक्षरा म्हटली कीं आमच्या वाचकांस बंदरापूर्वीं स्वतःचें घर आठवेल, आणि तें रास्तच आहे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीचा विचार आमच्या प्रांतीं याच ग्रंथाच्या आधारें होत आला. पुढें कायद्यांनीं त्यांत फेरफार केले, आणि इ. स. २००५ च्या दुरुस्तीनें मुलीही मुलांच्या बरोबरीनें सहदायाद झाल्या. एकत्र कुटुंब हाही लहानसा बंदरांचा संघच असतो. एकाकडे शेत, दुसऱ्याकडे नोकरी, तिसरा शहरांत, आणि चौथीच्या हातीं सगळ्यांचें पान. जोंपर्यंत मीठ व मासळी यांसारखी परस्परांची गरज असते, तोंपर्यंत हा संघ आपोआप चालतो. परीक्षा पुढें येते. कर्त्या पुरुषानें सर्वांच्या श्रमांवर मिळविलेलें शेत सातबाऱ्यावर एकट्याच्या नांवें चढतें, आणि तो असेतोंवर कोणी विचारीत नाहीं. तो चांगला असला तर विचारणें अप्रशस्त वाटतें. आणि तो गेल्यावर विचारण्यास उशीर झालेला असतो. भाभण श्रेष्ठीही चांगलाच मनुष्य असेल.

म्हणून आमची वाचकांस एवढीच सूचना आहे. दिवाळीच्या पाडव्यास नवी वही घालतांना घरांतील वडील मंडळींनीं जुने कागद एकदां सर्वांदेखत बाहेर काढावे; सुनांस व मुलींसही जवळ बसवावें; आणि कोणती सनद कोणाच्या नांवाची आहे, हें मोठ्यानें वाचून दाखवावें. त्यांत अविश्वास नाहीं. ल्यूबेकच्या सभेंत रीगाचा प्रतिनिधि याच कामासाठीं लांबून येत असे, आणि तेथें त्याच्या येण्याचा कोणी राग मानीत नसे.

असो. विस्तार बराच झाला. पुढील अंकीं एक्सरच्या वीरगळांवरील जहाजांविषयीं लिहूं.